सिस्टरना विचारा : पाणपोई लावली, आता पुढे?

मागच्या अंकात उन्हाच्या दिवसांत वस्तीवस्तीतून फिरणाऱ्या स्वयंसेवक मुलामुलींबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये तरुण मुलांना प्रथमोपचार शिकवते.

प्रश्न : सिस्टर, आम्ही कॉलेजची मुलं-मुली स्टेशनबाहेरच्या नाक्यावर पाणपोई चालवतो. माठ रोज धुतो, पाणी गाळून भरतो. दुपारी रिक्षावाले, डिलिव्हरीवाले, हमाल थांबून पाणी पितात, बरं वाटतं. पण गेल्या आठवड्यात मागच्याच वस्तीत एक आजोबा घरात झोपल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, उष्म्याने. आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर होतो. आम्ही काय करायला हवं होतं?
— एक विद्यार्थी, घाटकोपर

पाणपोई बंद करू नका, हे आधी सांगते. उन्हात राबणाऱ्या माणसाला दर थोड्या वेळाने पाणी मिळालं तर त्याचा दिवस निभावतो. पण नाक्यापर्यंत चालत येणारा माणूस अजून चालू शकतोय. ज्याच्या जिवाला खरा धोका असतो तो बहुतेक वेळा घरात असतो, एकटा असतो आणि हाक मारत नाही.

अहमदाबादचं उदाहरण पाहा. 2010 च्या मे महिन्यात तिथे भयंकर लाट आली. त्या महिन्यातल्या मृत्यूंचा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला, तेव्हा एरवीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 माणसं जास्त दगावली होती असं दिसलं. त्यातून 2013 साली त्या शहराने उष्णतेसाठी स्वतंत्र कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. हे मी वर्गात नेहमी सांगते, कारण उष्म्याचा मृत्यू पुरासारखा डोळ्यांसमोर घडत नाही. कागदावर हृदयविकार लिहिलं जातं, 'वय झालं होतं' म्हणतात, आणि विषय संपतो.

आता आपल्या मुंबईचं. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट केव्हा म्हणतं? पारा किमान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला तर. मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि सांताक्रूझचा पारा एकदम चढतो. त्या दिवसांत बातम्या येतात, सगळे सावध असतात. मला जास्त काळजी वाटते ती त्यानंतरच्या, एप्रिल-मेमधल्या दमट दिवसांची. पारा 34-35 वर असतो, इशारा नसतो, पण घाम वाळतच नाही. घाम वाळला तर अंग गार होणार. नुसता निथळत राहिला तर शरीरातलं पाणी आणि मीठ जातं आणि आतली उष्णता आतच राहते. त्यात डोक्याला लागेल इतक्या उंचीवरचा सिमेंटचा नाहीतर लोखंडाचा पत्रा. रात्री दहा वाजता त्यावर आतून हात ठेवून पाहा, म्हणजे त्या खोलीतल्या माणसाला रात्रीही सुटका का नाही ते कळेल.

एका वरच्या माळ्यावर राहणाऱ्या मावशींची गोष्ट सांगते. आमच्या मुली हातात पत्रक घेऊन गेल्या होत्या. 'भरपूर पाणी प्या', चित्रासकट. मावशी म्हणाल्या, "पोरींनो, मी सकाळी अर्धा तांब्या पिते आणि मग संध्याकाळीच." का? तर सार्वजनिक शौचालय तीन गल्ल्या पलीकडे. दर खेपेला पैसे. दुपारी तिथे पाणी नसतं. खोलीला उभी लोखंडी शिडी, दुपारी तिचा दांडा हाताला चटका देतो, आणि गुडघे गेलेले. म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. ब्लडप्रेशरची गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून गोळीही टाळत होत्या. आता या बाईला पत्रकाचा काय उपयोग?

मुलींनी काय केलं ते सांगते, कारण मला त्यांचा फार अभिमान आहे. तळमजल्यावरच्या वहिनींशी बोलून दुपारी बारा ते चार मावशींची बसायची सोय तिथे लावली. वहिनींच्या खोलीत मोरी आहे, त्यामुळे शिडीचा आणि शौचालयाचा प्रश्न एकदमच सुटला. मग एक मुलगी मावशींना घेऊन दवाखान्यात गेली आणि गोळीचं खरं कारण डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. (गोळी आपल्या मनाने बंद करायला कोणालाही सांगू नका.) एवढ्यानंतर मावशी पाणी प्यायला लागल्या.

तेव्हा तुमच्यातले निम्मे पाणपोईवर राहा आणि निम्म्यांनी एक साधी वही घेऊन मागच्या वस्तीत शिरा. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका यांना सोबत घ्या, त्यांना प्रत्येक दार माहीत असतं. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, बाळंतीण आणि तान्हं मूल, मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारे यांची नावं लिहा. रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली झोपणारे वॉचमन कोणाच्याच यादीत नसतात, ते लिहा. चुलीपाशी, भट्टीपाशी, इस्त्रीपाशी दिवस काढणारे लिहा. प्रत्येक नावापुढे शेजारच्या एका माणसाचं नाव हवं, जो दुपारी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा दार वाजवेल. ही वही मार्च उजाडण्याआधी तयार पाहिजे. लाट आल्यावर अनोळखी पोरांना कोणी दार उघडत नाही.

पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारता आला तर जरूर मारा, खोलीत फरक जाणवतो. पण पत्र्यावर चढताना वजन पेलणारा आडवा दांडा कुठे आहे ते घरमालकाला विचारूनच पाय टाका.

प्रश्न : कोणी खरंच कोसळलं तर आम्ही बायका काय करू शकतो? आमच्याकडे कांदा फोडून नाकाला लावतात, कोणी चप्पल हुंगवतात. नेमकं काय करायचं ते एकदा सविस्तर सांगा.
— बचत गटाच्या एक ताई, भांडुप

कांद्याने अपाय होत नाही, पण त्यात जी पाच-दहा मिनिटं जातात तीच माणसाला वाचवायची असतात.

आधी माणसाशी बोला. नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे आलेत, पण उत्तरं नीट देतोय, तर त्याला सावलीत आडवं करा, पाय उशीवर घ्या, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखान्यात न्या.

तो बरळतोय, ओळखत नाही, झोकांड्या जातात, झटके येतात किंवा शुद्ध हरपली आहे आणि अंग भट्टीसारखं तापलं आहे, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. राबणाऱ्या माणसाला घामात भिजलेला असतानाही उष्माघात होतो. एकीने 108 लावायचा. बाकीच्यांनी तिथल्या तिथे अंगावर पाणी ओतायला सुरुवात करायची. बादलीने ओता, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पुठ्ठ्याने, पदराने, पंख्याने वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. बाईमाणूस असेल तर चौघींनी साडीचा आडोसा धरा, पण लाजेपायी कोरडं ठेवू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, तो श्वासनलिकेत जातो. अशा माणसाला कुशीवर वळवून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडणार नाही. तुमच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. म्हणून एका पोराला मोठ्या रस्त्यावर उभं करा, फोनवर देऊळ, मशीद, रेशन दुकान अशी ठळक खूण सांगा आणि माणसाला जाड चादरीच्या झोळीत घालून न्यायचा सराव आधीच करून ठेवा. वळणावर पाय पुढे की डोकं पुढे, यावर त्या वेळी वाद नको. पाय पुढे. डोक्याशी असलेली बाई चेहऱ्याकडे पाहत चालते.

प्रश्न : माझं किराण्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात मुलं येऊन वाटण्यासाठी ओआरएस मागतात. तयार डबीतलं पेय द्यावं की पुडी? पुडी स्वस्त पडते, पण लोकांना चव आवडत नाही.
— एक दुकानदार, कुर्ला

पुडी द्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते वाचा. नुसत्या गोड पेयाला 'ओआरएस' नाव लावून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे. साखरेचं ते पाणी जुलाबाच्या मुलाला पाजलं तर जुलाब वाढतात.

मुलांना बजावून सांगा, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धी पुडी ओतून देणारे मी फार पाहिले आहेत, त्याने मीठ जास्त होतं. कालवलेलं पाणी 24 तासांनंतर फेकायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम गाळणाऱ्या पण ठणठणीत माणसाला ताक, लिंबू सरबत, कोकम, पन्हं मीठ घालून दिलं तरी चालतं. किडनीचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आपण आग्रह करायचा नाही.

चवीची तक्रार कोणी केली तर त्यांना 1971 सालची गोष्ट सांगा. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. रुग्णांचे नातेवाईकच ते कपाने नेऊन पाजत होते. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, तुमच्याआमच्यासारख्यांचे होते. मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मुलांची पाठ ताठ होते.

प्रश्न : आमचं मंडळ मे महिन्यात मैदानावर मोठा सत्कार समारंभ ठेवतंय. प्रमुख पाहुण्यांना दुपारचीच वेळ आहे. पाणी द्यायला शंभर स्वयंसेवक ठेवू. शिवाय मंडळातर्फे वस्तीत पाणी-सरबत वाटप करतो, त्याचे फोटो टाकतो. काही ज्येष्ठांनी फोटोला नकार दिला. प्रायोजकाला फोटो लागतात. मार्ग सुचवा.
— एक कार्यकर्ता, लालबाग

भाऊ, समारंभ संध्याकाळी घ्या. पाहुण्यांना वेळ नसेल तर पाहुणे बदला. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर 14 माणसं उष्माघाताने गेली. लोक श्रद्धेने येतात, सकाळपासून जागा धरून बसतात, उठले तर जागा जाईल म्हणून पाण्यालाही उठत नाहीत. अशा गर्दीत रांगेच्या मधोमध कोसळलेल्या माणसापर्यंत स्वयंसेवक पोचतच नाही. शंभर ठेवा नाहीतर हजार, डोक्यावर सावली नसेल तर ती पोरंच आधी आडवी होतील. हे माझं मत म्हणून सांगत नाही, विनंती म्हणून सांगते आहे.

फोटोचं. एका वस्तीत एका देणगीदाराच्या माणसांनी म्हाताऱ्या बाईंच्या हातात तीच बाटली पुन्हा पुन्हा देऊन फोटो काढले. आधीच्या फोटोत फलक दिसत नव्हता म्हणून. त्या बाईंनी पुढच्या खेपेला दार उघडलं नाही, आणि लाट त्या पुढच्या खेपेलाच होती. मदत घेणाऱ्याची मान खाली जाईल असं काही करायचं नाही, हा नियम माझ्या वर्गात सर्वांत वरचा आहे. रेड क्रॉसने 1965 साली सात मूलतत्त्वं स्वीकारली. त्यात माणुसकी आहे, निःपक्षपात आहे आणि निरपेक्ष स्वयंसेवाही आहे. प्रायोजकाला चुन्याने रंगवलेल्या पत्र्याचा फोटो द्या, भरलेल्या माठांचा द्या. ज्या ज्येष्ठांनी नकार दिला त्यांच्याकडे जाऊन माफी मागा आणि रिकाम्या हाताने, फोनशिवाय, परत परत जात राहा.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. भर दुपारी वस्तीत जाते. अडवू का?
— एक आई, मुलुंड

अडवू नका, पण चार गोष्टी तिच्याकडून कबूल करून घ्या. दुपारी बारा ते तीन घरोघर फिरणं नाही, त्या वेळात फोनवर चौकशी. फेऱ्या सकाळी आणि पाचनंतर. एकटीने जायचं नाही, जोडीने जायचं. पोटभर खाऊन निघायचं, उपास असेल तर त्या दिवशी वही सांभाळायची. आणि गटप्रमुखाचा नंबर तुमच्याकडे हवा. तुम्हालाही वेळ असेल तर दुपारची फोनची यादी तुम्ही घ्या ना! पन्नाशी-साठीतल्या बायका फोनवर दहा मिनिटं जे काढून घेतात ते तरुण पोरांना तासाभरात जमत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात बांधलेला गट जूनमध्ये पांगतो. पावसाळ्यासाठी तोच गट कसा वापरावा?
— एक शिक्षक, कुर्ला पश्चिम

वही तीच ठेवा. पत्र्याखाली एकट्या असलेल्या आजी पाणी भरल्यावरही एकट्याच असतात. फक्त नावापुढे दोन नव्या खुणा करा. घर नाल्याच्या किंवा मिठी नदीच्या काठाला आहे का, आणि आजींना उचलून न्यावं लागेल का.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला 73. एकाच शहरात ही तफावत. म्हणून टीव्हीवर शहराचं काय चाललंय ते पाहत बसू नका, आपल्या नाल्याची खूण पाहा. पालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते, त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी उतरायला जागा नसते.

पाणी तुंबलं की गटारांची (मॅनहोलची) झाकणं उचलायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. उघडं दिसलं तर बांबूला लाल फडकं बांधून तिथे माणूस उभा करा आणि पालिकेच्या 1916 या नंबरवर कळवा. विजेच्या खांबापासून दूर. पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, पायाला जखम असेल तर नक्कीच, 24 ते 72 तासांत दवाखाना गाठायचा. अशा घाण पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळी द्यायची का आणि कोणती, ते डॉक्टर ठरवतात. आधी तुमच्या स्वयंसेवकांना न्या, ते सगळ्यात जास्त पाण्यात असतात आणि सगळ्यात शेवटी जातात.

प्रश्न : माझ्या यादीतले एक काका गेले. त्या दिवशी मी सकाळी गेलो होतो, ते बोलले, हसले. संध्याकाळी माझी परीक्षा होती म्हणून दुसरा मुलगा जाणार होता, तो विसरला. तेव्हापासून मला झोप लागत नाही. त्या मुलाशी मी बोलत नाही.
— एक स्वयंसेवक, मानखुर्द

बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तू सकाळी गेलास म्हणून त्या माणसाच्या शेवटच्या दिवशी कोणीतरी त्याच्याशी बोललं. हे खरं आहे, ते कमी समजू नकोस. आणि उष्माघात काही तासांत माणूस नेतो. संध्याकाळी कोणी गेलं असतं तर ते वाचले असते का, हे तुला नाही सांगता येणार, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. ते कोडं रात्री एकट्याने सोडवत बसू नकोस.

दुसऱ्या मुलाकडे जा. तोही झोपत नसणार. त्याला दोष द्यायलाही जाऊ नकोस आणि माफ करायलाही नको, नुसता बस, चहा घे, काकांबद्दल बोला. मग दोघं मिळून गटप्रमुखाला सांगा की एका दारामागे एकच माणूस ठेवायचा नाही, बदली माणसाने 'जाऊन आलो' असं सांगेपर्यंत नाव खुलं ठेवायचं. ही सुधारणा दोघांच्या तोंडून एकत्र यायला हवी.

काही आठवडे फेरीला जाऊ नकोस, माठ भर, वही लिही. झोप येतच नसेल, जेवण जात नसेल, तर 14416 वर फोन कर. टेलिमानसची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गटप्रमुखांनाही माझी सूचना आहे, मृत्यू पाहिलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी एकटं फेरीला पाठवू नका.

प्रश्न : रीतसर प्रशिक्षण कुठे मिळेल?
— तीन पत्रं, दादर, गोरेगाव आणि चेंबूरहून

परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. फोर्टात टाउन हॉलच्या आवारात इंडियन रेड क्रॉसची महाराष्ट्र शाखा आहे. नागरी संरक्षण दल आणि होमगार्ड हेही मार्ग आहेत. होमगार्डची सुरुवात 6 डिसेंबर 1946 ला आपल्या मुंबईतच झाली. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेची तुकडी केव्हा निघणार ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. जाल तिथे आधी एकच विचारा, पुतळ्यावर हाताने सराव करून घेतात की नुसता पडद्यावर दाखवतात? सराव नसेल तर दुसरीकडे जा. गोरेगावच्या ताईंनी वय 61 लिहून 'चालेल का' असं विचारलं आहे. चालेल, ताई. फोनची यादी तुमची वाट पाहतेय.